व्यापारी शिक्षण आणि परसंस्कृतीची जाण

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात वाणिज्य व व्यवस्थापन शाखांच्या विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



कुलस्वामिनी श्रीकालिकामातेस वंदन करून आम्ही बोलावयास उभे राहतो. संस्थेच्या चिटणीसांनी या संमेलनात वाणिज्य व व्यवस्थापन शाखांच्या विद्यार्थ्यांपुढे चार शब्द बोलण्याविषयी आम्हांस सांगितले, तेव्हा प्रथम आम्ही नकारच दिला होता. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक, १९७४ सालचे. पुढे शिक्षक-प्रशिक्षणाची दोन वर्षे पुरी करून जन्मभर प्राथमिक शाळेत पाढे आणि बाराखडी शिकविली. ज्यांच्या एका पुस्तकाची किंमत आमच्या पहिल्या पगाराहून अधिक आहे, त्यांस आम्ही काय सांगावे? परंतु चिटणीस म्हणाले, "गुरुजी, मुलांना परक्या संस्कृतीशी कसे वागावे असा एक विषय असतो. त्यावर बोला. तुमचे वडील बाजारात बसून बांगड्या भरीत होते, तेवढी पात्रता पुरे." त्यांच्या बोलण्यात थट्टा किती आणि सत्य किती, याचा विचार करता करता जे सुचले ते आपल्यापुढे ठेवीत आहो. गोड मानून घ्यावे.

इंग्रजीत ज्याला 'कल्चरल सेन्सिटिव्हिटी' म्हणतात त्याला आम्ही साध्या भाषेत परसंस्कृतीची जाण म्हणतो. समोरचा मनुष्य आपल्याहून निराळ्या रीतीरिवाजांत वाढला आहे, त्याच्या शब्दांचा, मौनाचा, वेळेचा आणि अंतराचा अर्थ आपल्याहून वेगळा असू शकतो, हे ओळखून त्याच्याशी वागणे, एवढाच त्याचा अर्थ. हा विषय विद्यापीठांत शिरला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. अमेरिकेचे अधिकारी देशोदेशी जाऊ लागले आणि भाषा येत असूनही त्यांची कामे बिघडू लागली. त्यांस शिकविण्याच्या सरकारी संस्थेत १९५० नंतरची काही वर्षे एडवर्ड हॉल नावाचे मानववंशशास्त्रज्ञ अध्यापन करीत होते. त्यांनी १९५९ साली 'द सायलेंट लँग्वेज' हा ग्रंथ लिहून दाखवून दिले की, मनुष्य तोंडाने जेवढे बोलतो त्याहून अधिक तो वेळ पाळून किंवा न पाळून, जवळ उभा राहून किंवा दूर सरकून बोलत असतो. त्यानंतर हॉलंडचे गेर्ट हॉफस्टेड यांनी आय.बी.एम. या कंपनीच्या अनेक देशांतील कर्मचाऱ्यांकडून एक लाखाहून अधिक प्रश्नपत्रिका भरून घेतल्या आणि १९८० साली त्यांचे निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. वरिष्ठांचा दरारा किती मानावा, व्यक्ती मोठी की समूह, अनिश्चितता किती सोसावी, अशा प्रश्नांवर देशादेशांची आकड्यांत तुलना करण्याची सोय त्यांनी करून दिली. तुमच्या पुस्तकांत त्यांचे तक्ते असतात ते याच कारणाने.

येथे एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. हे आकडे राष्ट्रांच्या सरासरीचे आहेत, माणसांचे नव्हेत, असे खुद्द हॉफस्टेड बजावीत असत. वर्गाची सरासरी पन्नास गुण असली म्हणून पहिल्या बाकावरच्या मुलाला पन्नासच गुण आहेत असे कोणता शिक्षक म्हणेल? तरीही जर्मन म्हणजे वक्तशीर, जपानी म्हणजे मितभाषी, अमुक जातीचा म्हणजे चिक्कू, असा तक्ता पाठ करून विद्यार्थी परीक्षेत उत्तीर्ण होतात आणि व्यवहारात नापास होतात. यादी पाठ करणे म्हणजे जाण नव्हे, हे आजच्या भाषणातील पहिले कलम समजा.

आता व्यवहारातील दोन-तीन उदाहरणे पाहू. केलॉग या अमेरिकन कंपनीने १९९४ साली आपल्या देशात मक्याचे पोहे आणले. ते थंड दुधात कुरकुरीत राहतात. आपल्या घरांत सकाळी दूध तापवून गरम घेण्याची चाल. गरम दुधात त्या पोह्यांचा लगदा होऊ लागला आणि आरंभीचा उत्साह ओसरला. कंपनीने माल चांगला आणला होता. फक्त आपल्या स्वयंपाकघरात सकाळी सात वाजता काय चालते, हे तिने पुरेसे पाहिले नव्हते. याच्या उलट मॅकडोनाल्ड ही कंपनी १९९६ साली येथे आली ती गोमांस व डुकराचे मांस दोन्ही वगळून, आणि शाकाहारी पदार्थांची भांडी व जागा निराळी ठेवून. तिसरे उदाहरण वॉलमार्टचे. ही अवाढव्य कंपनी १९९७ च्या अखेरीस जर्मनीत गेली. अमेरिकेतील शिरस्त्याप्रमाणे तेथील नोकरांनी प्रत्येक गिऱ्हाइकाकडे पाहून हसावे, त्याच्या वस्तू पिशवीत भरून द्याव्यात, असे ठरले. कित्येक जर्मन गिऱ्हाइकांस हे अनोळखी माणसाचे हसणे अगोचरपणाचे वाटले, असे त्या काळी सांगितले गेले. नोकरांच्या आपसांतील प्रेमसंबंधांवरही कंपनीने नियम केले. ते २००५ साली जर्मन न्यायालयाने अमान्य ठरविले. अखेर २००६ साली आपली ८५ दुकाने दुसऱ्यास विकून ती तेथून परतली. अपयशाला हेच एक कारण होते असे नव्हे. तेथील जुन्या स्वस्त दुकानांशी स्पर्धा फार कडवी होती. तथापि आपले हसू सर्वत्र हसूच मानले जाईल, ही समजूत महाग पडली एवढे खरे.

ही उदाहरणे तुमच्या पुस्तकांतही असतील. परंतु बंधुभगिनींनो, या विषयाची एक शाळा आपल्या घरांत पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. तिला फी नव्हती, म्हणून आपण तिची किंमत केली नाही.

कासाराचा धंदा पाहा. दुसरा व्यापारी वस्तू तोलून समोर ठेवतो आणि मोकळा होतो. कासाराला गिऱ्हाइकाचा हात हातात घ्यावा लागतो. परक्या घरच्या लेकी-सुनांचा हात धरण्याची मोकळीक ज्या परपुरुषांस समाजाने दिली ते फार थोडे, आणि त्यांत कासार एक. तो विश्वास टिकविण्यासाठी नजर कोठे असावी, बोलावे किती, हात दाबताना गप्पा कोणत्या काढाव्यात, सारे शिकावे लागे. आमचे वडील हात पाहताच माप ओळखीत. परंतु त्याहून कठीण होते ते माणूस ओळखणे. आमच्याकडे लग्नात हिरवा चुडा. पंजाबी नवरीस लाल-पांढरा. राजस्थानी बाईस लाखेचा. बंजारा समाजातील जुन्या स्त्रिया दंडापर्यंत रुंद पांढऱ्या बांगड्या घालणाऱ्या. चाँदरातीस मुसलमान स्त्रियांची इतकी गर्दी की, घरातील सर्वांनी गादीवर बसावे. रेल्वेत नोकरीस असलेल्या एका बंगाली गृहस्थांची पत्नी हातात शंखाची पांढरी बांगडी घालून प्रथम दुकानात आली, तेव्हा शेजारच्या बायका कुजबुजू लागल्या. पांढरा रंग म्हणजे वैधव्य, अशी आपली समजूत. वडिलांनी मात्र विचारले, "ताई, तुमच्याकडे ही कशासाठी घालतात?" त्या म्हणाल्या, "हेच आमचे सौभाग्य." त्या प्रश्नाने एक गिऱ्हाईक जोडले गेले आणि चार बायकांची समजूत दुरुस्त झाली. वडील चौथी शिकलेले होते.

आपल्या भाषेनेही ही जाण सांभाळली आहे. आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. रात्री दुकान 'बंद' करीत नाही, 'वाढवतो'. आणि आपल्या धंद्यात बांगडी कधी 'फुटत' नाही, ती 'वाढते'. आम्ही दहा वर्षांचे असताना, म्हणजे १९६८ च्या सुमारास, दुकानात एका नवपरिणीत मुलीच्या हातात बांगडी भरताना ती मोडली आणि आम्ही ओरडलो, "अण्णा, फुटली!" त्या मुलीचा चेहरा एकदम उतरला. वडील शांतपणे म्हणाले, "वाढली म्हणावे," आणि तिच्या हातात दुसरी बांगडी भरली. ती गेल्यावर आम्हांस म्हणाले, "तुला काच दिसली. तिला काय दिसले असेल, त्याचा विचार कर." परसंस्कृतीच्या जाणिवेवर आम्ही पुढे जे काही वाचले त्यात याहून चांगली व्याख्या आम्हांस आढळली नाही.

एवढ्यावर भाषण संपविले असते तर ते आपणां सर्वांस सुखाचे झाले असते. आपले पूर्वज थोर होते, आपण त्यांचा कित्ता गिरवावा, असे म्हणून टाळ्या घेता आल्या असत्या. परंतु त्यात अर्धेच सत्य आले असते. रीत जाणणे आणि माणूस जाणणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे आम्हांस फार उशिरा कळले. आता सांगणार ती गोष्ट आमच्या घरातील आहे, आणि ती ज्यांची आहे त्यांस विचारूनच सांगत आहो.

१९९३ साली आमचे थोरले बंधू अकाली निवर्तले. ज्या घराने तीन पिढ्या बांगड्या विकून पोट भरले, त्या घराने रीतीप्रमाणे आपल्या सुनेच्या हातांतील बांगड्या दगडावर फोडल्या. 'वाढविल्या' असे म्हणावयाचे. परंतु शब्द बदलल्याने आवाज बदलत नाही. आम्ही तेथे उभे होतो. आम्ही शिक्षक होतो. महात्मा फुले यांनी विधवांसाठी काय केले हे वर्गात दर वर्षी शिकवीत होतो. आम्ही एक शब्द बोललो नाही.

पुढे वहिनींनीच दुकान सांभाळले. फिरोजाबादेहून आलेला माल पारखणे, जमाखर्च, उधारीची वसुली, सर्व त्यांच्या हाती. पण आतल्या खोलीत बसून. पुढच्या गादीवर बसून नवरीला चुडा भरण्याचे काम त्यांनी करावयाचे नाही, असे कोणी ठरविले नव्हते, आणि सर्वांनी पाळले होते.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढून घेणे या विधवांविषयीच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याविषयी परिपत्रक काढले. वर्तमानपत्रातील ती बातमी वाचून आम्हांस आपल्या मौनाची आठवण झाली. आम्ही सुधारकाच्या आवेशात दुकानातून एक डझन उत्तम बांगड्या काढून घेतल्या आणि वहिनींपुढे ठेवल्या. त्यांनी त्या पाहिल्या, "ठेवा तिथे," एवढेच म्हणाल्या, आणि हिशेबाची वही पुन्हा ओढली. आम्ही मनातून थोडे खट्टू झालो.

त्याच सुमारास आमच्या धाकट्या बंधूंची कन्या व्यवस्थापनशास्त्राचा अभ्यास करीत होती. एखाद्या दुकानात बसून, तेथे पाळल्या जाणाऱ्या न बोललेल्या रीतींची नोंद करून आणावी, असे काम तिच्या प्राध्यापिकेने दिले होते. ती आमच्याच दुकानात आठ दिवस बसली. सातव्या दिवशी तिने विचारले, "मोठ्या काकू, तुम्ही पुढे का बसत नाही? आणि तुम्हांला काय हवे आहे?" वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "बांगड्यांचे आता काही नाही गं. हाताला सवय राहिली नाही. मला नवरीच्या हातात चुडा भरायचाय. तुझे मोठे काका होते तेव्हा मीच भरायचे. माझ्या हातून एक बांगडी वाढत नसे."

श्रोतेहो, एकोणतीस वर्षांत हा प्रश्न त्यांस कोणी केला नव्हता. रूढी पाळणाऱ्यांनी केला नाही, आणि रूढी मोडावयास निघालेल्या आम्हीही केला नाही. आम्ही उत्तर आधीच ठरवून एक डझन बांगड्या घेऊन गेलो होतो. परदेशी कंपनी गरम दुधाचा विचार न करता माल आणते तेव्हा आपण हसतो. आम्ही आपल्याच घरात तेच केले होते.

आज वहिनी पुढच्या गादीवर बसतात. पहिल्या लग्नसराईत दोन घरची मंडळी दुकानाच्या पायरीवरून परत गेली. आमच्या पुतण्याने नुकसान सोसले, पण आईस उठविले नाही. त्यांपैकी एक घर पुढील वर्षी धाकट्या मुलीचा चुडा भरण्यास आले आणि वहिनींसमोरच बसले. दुसरे अद्याप आलेले नाही. सर्व गोष्टी गोड शेवटास जातात असे आम्ही मुलांना कधी शिकविले नाही. आजही शिकवीत नाही.

आता तुम्ही विचाराल, गिऱ्हाइकाच्या रीतीचा मान राखा असेही सांगता, आणि रीत मोडणाऱ्याचे कौतुकही करता, मग व्यापाऱ्याने करावे तरी काय? आम्हांस जे उमगले ते असे. ज्या रीतीने कोणाचे मन राखले जाते आणि कोणाचे काही जात नाही, ती आनंदाने पाळावी. 'फुटली' न म्हणता 'वाढली' म्हणण्यास पैसा पडत नाही. परंतु ज्या रीतीचा भार दुसऱ्याच्याच हातावर पडतो, तेथे प्रथम त्या हाताला विचारावे. रीतीची यादी पुस्तकात मिळेल. हा प्रश्न मात्र समक्षच करावा लागतो.

हे शिकवावे कसे, यासंबंधी शिक्षक या नात्याने तीन सूचना करतो.

पहिली सूचना विद्यार्थ्यांस. एक वही करा आणि पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात काय पाहिले ते लिहा, दुसऱ्यात त्यावरून काय समजलात ते लिहा, आणि तिसऱ्यात, त्या माणसास विचारल्यावर त्याने काय सांगितले ते लिहा. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९६० नंतरच्या दशकात परदेशी जाणाऱ्यांसाठी अशाच प्रकारे प्रसंग देऊन, त्याचे चार संभाव्य अर्थ मांडून, योग्य तो निवडावयास लावण्याची पद्धत तयार झाली. ती चांगलीच आहे. पण आमच्या वहीत अर्थ सांगणारा तो मनुष्य स्वतः असतो. दुसरा आणि तिसरा रकाना जितक्या वेळा जुळणार नाही, तितके तुमचे शिक्षण झाले असे समजा. 'पाहुणा उशिरा आला, म्हणजे त्याला आपली पर्वा नाही' असे दुसऱ्या रकान्यात असेल आणि तिसऱ्यात 'गावची एकच एस.टी., तीही रद्द झाली' असे निघेल.

दुसरी सूचना पालकांस. मुले जर्मन व जपानी शिकतात याचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु परदेशाच्या तयारीचा आरंभ परदेशात होत नाही. सुटीत त्यांस एक महिना अशा दुकानात बसवा की, जेथे येणारी बहुतेक गिऱ्हाइके आपल्या समाजातील नाहीत. शेजारच्या मोहल्ल्यात, आदिवासी भागातील आठवड्याच्या बाजारात, कापडगिरणीच्या जुन्या वस्तीत. ज्याला आपल्या गावातील चार गल्ल्या परक्या वाटतात, त्याला टोकियो जवळचे कसे वाटेल?

तिसरी सूचना आपल्या संस्थेस, आणि ती आम्ही हात जोडून करतो. आपले वसतिगृह ज्या काळी उभे राहिले, त्या काळी आपल्या मुलांस शहरात कोणी जागा देत नव्हते. त्या गरजेतून ज्यांनी पदरचे देऊन ही इमारत उभी केली, त्यांचे ऋण फिटणारे नाही. परंतु आज तेथे राहणारा मुलगा चार वर्षे आपल्याच माणसांत जेवतो, आपलेच सण करतो, आणि त्याच खोलीत बसून परसंस्कृतीच्या जाणिवेचा पेपर लिहितो. त्यास प्रश्न विचारावयाचा तरी कोणाला? म्हणून आमची विनंती अशी की, पुढील वर्षापासून वसतिगृहातील काही जागा इतर समाजांतील विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवाव्यात. पाचांपासून आरंभ करावा. भोजनगृहाची अडचण पडेल, पूजेअर्चेचे प्रश्न निघतील, कोणी रागावेलही. निघू द्यावेत. ते सोडविता सोडविता आपली मुले जे शिकतील ते कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. ज्ञातीचे भले करणे म्हणजे ज्ञातीच्या भिंती उंच करणे नव्हे, हे आपल्या पूर्वजांस दुकानाच्या गादीवर रोज कळत होते. आपण ते सभागृहातही मान्य करावे.

या सूचनेवर सर्वांचे एकमत होईल अशी आमची अपेक्षा नाही. विचार व्हावा, एवढीच आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या मोठ्या कंपनीत अधिकारी होईल, कोणी परदेशी जाईल, कोणी वडिलांचीच गादी चालवील. धंदा कोणताही असो, शेवटी समोर एक हात येतो. तो आपल्या हातात घेण्यापूर्वी, तुला काय हवे आहे, एवढे विचारावयास विसरू नका. आम्ही ते एकोणतीस वर्षे विसरलो होतो.

आम्ही येथेच आपली रजा घेतो. येतो.